पद्मिनी बघायला जाताना चुंबक नेऊ नये

जुनी फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, घ्यायचीच असेल तर पावसात घ्यावी. आषाढ सगळ्यात चांगला. कोल्हापुरात गगनबावड्याकडून सरीवर सरी येत असतात आणि कुणाच्या तरी वाड्याच्या परड्यात, निळ्या ताडपत्रीखाली ती उभी असते. ओल्या पत्र्यावर कसलाही रंग चमकतो. गंजाची भोकं बुजवायला थापलेल्या पुट्टीचे उंचवटे दिसत नाहीत. दाराच्या खालच्या कडेला रंग फुगलाय का, हे दाबून बघायला छत्रीतून हात बाहेर काढावासा वाटत नाही. मालक ताडपत्रीचं एक टोक वर करतो, तुम्ही काचेतून आत डोकावता, स्टिअरिंगच्या दांड्यालाच असलेला गिअर दिसतो, आजोळ आठवतं आणि विषय संपतो. हेच एप्रिलात गेलात तर कोरड्या जमिनीवर माणूस सहज गुडघे टेकून खाली वाकतो. खाली वाकून बघितलेली फियाट आजवर कुणी घेतलेली नाही.

घरात मात्र 'जुनी फियाट आणतोय' असं सांगू नका. मुंबईनं २०२३ च्या ऑक्टोबरात जिला टॅक्सी म्हणूनसुद्धा निरोप दिला, ती तुम्ही दारात आणताय हे लगेच कुणाच्याही लक्षात येईल. 'इटालियन क्लासिक' म्हणा. खोटं बोलल्याचं पापही लागत नाही. तुरीनच्या फियाट कंपनीनं १९५३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात ११०० चं नवं मॉडेल मांडलं, आणि सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं ते कुर्ल्याला बनवायला घेतलं. पुढचे दरवाजे उलट्या बाजूनं उघडणारी गुबगुबीत डुक्कर फियाट म्हणजे तीच. १९६४ ला डिलाइट आली, पुढं तिची प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. इटलीनं ११०० चं दुकान १९६९ लाच गुंडाळलं. आपण विसावं शतक संपेपर्यंत तिलाच नवी म्हणून विकत होतो, आणि एके काळी लोक तिच्यासाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबत होते. ही वंशावळ तोंडपाठ ठेवा. भर चौकात बंद पडल्यावर मागं हॉर्न वाजवणाऱ्यांना काहीतरी सांगावं लागतं.

घरातून विचारणा होईल, 'अहो, पण एसी आहे का तिला?'

'अगं, त्रिकोणी काच आहे की,' म्हणायचं आणि उठून अंघोळीला जायचं.

किमतीचं म्हणाल तर बऱ्यापैकी म्हशीच्या पैशात पद्मिनी येते. म्हैस दोन्ही वेळेला दूध देते हा मुद्दा कोल्हापुरात कुणीतरी काढणारच, विशेषतः गंगावेशीत कट्ट्यावर हातात धारोष्ण दुधाचा ग्लास असताना. दुर्लक्ष करा. त्या माणसाला क्लासिक कळत नाही.

गाडी बघायला कुणाला न्यायचं हा खरा कळीचा मुद्दा. मिस्त्रीला अजिबात नेऊ नका. त्याच्या खिशात स्पीकरमधून काढलेला चुंबक असतो. या गाडीला वेगळी चेसिस नाही, पत्रा हाच तिचा सांगाडा. त्यामुळं बॅटरीखालचं, पायाखालचं किंवा दरवाजाखालच्या पट्टीतलं भोक हा दिसण्याचा प्रश्न नसतो, पुढचं आणि मागचं चाक एकमेकांच्या नात्यात राहणार की नाही याचा असतो. चुंबक चिकटला तर पत्रा, घसरला तर पुट्टी. हे ज्ञान व्यवहाराच्या आधी झालं की व्यवहार मोडतो. म्हणून न्यायचा तो मित्र. त्यातही ज्याच्या घरी जिन्याखाली एक येझदी कित्येक वर्षं पोत्यात भरून ठेवलेली आहे असा मित्र. तो गाडीला एक फेरी मारेल, डिकीवर थाप देईल आणि म्हणेल, 'नाद खुळा! घिऊन टाक भावा.' एवढा अनुभवी सल्ला पुरे.

चालवून बघायची असेल तर भल्या पहाटे रंकाळ्याच्या सपाट रस्त्यावर. मालकानं तुम्ही यायच्या आधीच इंजिन गरम करून ठेवलेलं असेल, कारण गार इंजिन पहिल्या चावीला काय करतं हे त्याला माहीत असतं. बॉनेटवर हात ठेवून त्याचा अपमान करू नका. मागून निळा धूर येत असेल तर त्याला धुकं समजा. पिस्टनच्या रिंगा झिजल्यात वगैरे शंका घ्यायला पुढं उभं आयुष्य पडलंय. पन्हाळ्याचा किंवा जोतिबाचा चढ मात्र कुठल्याही परिस्थितीत नको, तोही दुपारी. चढावर पेट्रोल इंजिनाजवळच्या छोट्या पंपातच उकळून त्याची वाफ होते, वाफ काही कार्बोरेटरपर्यंत पोचत नाही आणि गाडी जागेवर बसते. मग पंपावर ओलं फडकं ठेवून वाट बघायची असते. फडकं आणि पाण्याची बाटली डिकीत ज्याच्या त्याच्याकडं असते. तिला अवजार म्हणतात.

कागदांचा विषय काढून चांगल्या बैठकीचा विचका करू नका. आरसी ज्यांच्या नावावर आहे त्यांचा फोटो मालकाच्या सोप्यात हार घालून लावलेला असतो. वारस दोघं, एक पुण्यात, एक बंगळूरला, आणि दोघांचं बोलणं बंद आहे. 'सह्या काय, कवाबी आणून देतो की' हे वाक्य ऐकून पैसे मोजावेत, कारण ते इतक्या मनापासून म्हटलेलं असतं. पंधरा वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते. वीस वर्षांच्या पुढच्या मोटारीला २०२५ च्या ऑगस्टपासून त्याची फी दहा हजार रुपये आहे, आणि राज्याचा पर्यावरण कर वेगळा. म्हणजे ज्या गाडीनं वर्षभरात परड्यातून रस्त्यापर्यंत प्रदूषण केलं तिचाही.

यावर तुमचा येझदीवाला मित्र तोडगा सुचवेल की, थांब, पन्नास होऊ देत, व्हिंटेज करून टाकू. असा नियम आहे खरा. २०२१ साली आला. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी असेल तर तिला वेगळी नंबरप्लेट मिळते, नव्या नोंदणीला वीस हजार भरायचे. फक्त ती रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. लक्ष्मीपुरीत मेथी आणायला नेलीत तर नियमभंग. तुमच्या पद्मिनीचा एरवीही दुरुस्ती आणि पेट्रोल याच दोन कामांसाठी घराबाहेर संबंध येणार असल्यानं हा कायदा कुणीतरी पद्मिनीवाल्यानंच लिहिलाय की काय असं वाटतं. शाही दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार निघते तेव्हा लोक आदबीनं बाजूला होऊन वाट देतात. तुम्हालाही देतील. ढकलणाऱ्या माणसाला कोण अडवणार?

इथवर जे सांगितलं ते कुठल्याही गावच्या माणसाला चालेल. कोल्हापूरकराला याच्या पुढचा धोका आहे आणि तो नीट समजून घेतला पाहिजे.

नाशिकच्या, नागपूरच्या माणसानं पद्मिनी घेतली तर एक दिवस त्याची सुटका होते. एखादा भाग मिळत नाही. तो मुंबईत विचारून बघतो, जुन्या बाजारात हिंडतो, हात जोडतो, आणि मग एका संध्याकाळी घरात जाहीर करतो की आता काही उपाय नाही. सगळे गंभीर चेहऱ्यानं मान हलवतात, भंगारवाल्याला फोन जातो. सन्मानानं संपतं सगळं. कोल्हापुरात ही सोय नाही. इथं लेथवाल्यांची, मिस्त्रींची वसाहत, शिवाजी उद्यमनगर आहे. ज्या गावात कारखानदारीचा इतिहास सांगताना म्हादबा मेस्त्रींपासून सुरुवात होते, उसाला पाणी पाजायची ऑइल इंजिनं ज्या गावानं स्वतः ओतून, स्वतः घासून शेतावर पोचवली, ज्याच्या शिरोलीला आणि गोकुळ शिरगावला रोज लोखंडाचा रस वाहतो, त्या गावात 'भाग मिळत नाही' असं म्हणायची कुणाची छाती होणार? मिळत नसेल तर बनवायचा. हे दोन शब्द, 'बनवून घेऊ', तुम्हाला आयुष्यातून उठवणार आहेत.

साधा किंगपिनचा बुश घ्या, म्हणजे पुढचं चाक ज्या पिनेवर वळतं तिच्याभोवतीची धातूची नळी. पुढचं चाक हातानं हलवून मिस्त्री म्हणतो, 'वाईच खेळतंय.' तो बुश ठोकून बाहेर काढतो, पँटला पुसतो, उजेडाकडं धरून त्यातून तुमच्याकडं बघतो. मग तुम्ही दोघं गल्लीच्या टोकाला लेथवाल्याकडं जाता. त्याच्या पायाशी कुणाच्या तरी व्हॉल्व्हच्या कास्टिंगचा ढीग पडलाय, जॉब निकडीचा आहे, पण बुश हातात पडताच त्याचे डोळे बदलतात. 'फियाटचा न्हवं ह्यो?' व्हर्निअर लावतो, आकडा मशीनच्या पत्र्यावर खडूनं लिहितो, गनमेटलचा तुकडा चकमध्ये आवळतो. पिवळेधमक चुरे उडायला लागतात. चहा येतो. मशीन थांबवून तो आतल्या बाजूनं अंगठा फिरवतो, डोळे मिटून, आणि अजून केसभर घेतो. बुश असा होतो की कुर्ल्यालासुद्धा तसा कधी झाला नसेल. पैसे विचारले तर 'द्या की काय द्यायचं ते.' या क्षणी परदेशातल्या क्लासिकवाल्याला जे हजार पत्रव्यवहार करून मिळत नाही, ते तुम्हाला एका चहात मिळालेलं असतं, आणि तुमची छाती भरून येते.

मग मिस्त्री बुश बसवतो. बुश नवा झाल्यामुळं पिन झिजलेली दिसायला लागते. पिन बनवून घेऊ. पिन नवी झाल्यामुळं चाक ज्याच्यावर बसतं त्या स्टब अॅक्सलचं भोक लंबगोल झालेलं निघतं. भरून, बोअर करून घेऊ. प्रत्येक नवा भाग शेजारच्याचं वय उघडं पाडत जातो, आणि १०८९ सीसीच्या या साध्यासुध्या गाडीत शेजारी किती असतात, याची कल्पना ती घेताना येत नाही. प्रत्येक काम किरकोळ पैशाचं, बिल कशाचंच नाही, हिशेब मिस्त्रीच्या डायरीत तेलाच्या बोटांनी केलेला. तो कधी एकत्र मांडू नका. गंजापेक्षा बेरजेनं जास्त पद्मिन्या मेल्यात.

वेळेचं विचाराल तर मिस्त्री 'गुरुवारी या' म्हणतो. कुठल्या, ते विचारायचं नसतं. पत्रावाला येतो तेव्हा वेल्डिंगवाला यात्रेला गेलेला असतो, आणि पेंटर म्हणतो पावसात रंग धरत न्हाई, दिवाळी होऊन जाऊ दे. दिवाळीनंतर त्याच्याकडं उसाचे ट्रॅक्टर लागलेले असतात.

ऊस म्हटल्यावर आठवलं. पंपावरच्या पेट्रोलात आता २० टक्के इथेनॉल असतं. पद्मिनीच्या काळच्या रबराला ते मानवत नाही. पाइप मऊ पडतात, पंपातला रबरी पडदा कामातून जातो, टाकीच्या तळाला निवांत पडलेला जुना गाळ सुटतो आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये येऊन बसतो. गाडी महिनाभर उभी राहिली तर इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पंचगंगेच्या काठच्या हवेत पाण्याला तोटा नाही. ऊस तुमच्याच शेतातला, कारखाना तुमचाच, त्यातलं इथेनॉल तुमचंच, आणि फुटलेली पाइपही तुमचीच. साखर कारखान्याचे सभासद असाल तर वार्षिक सभेत हा प्रश्न जरूर मांडा. सभेला तेवढाच विरंगुळा.

ब्रेकबद्दल फार लिहीत नाही. चारी चाकांना ड्रम आहेत, पावसात भिजले की जरा विचार करून धरतात. महाद्वार रोडला गर्दीच इतकी असते की धरायची वेळच येत नाही.

या सगळ्यातून एक दिवस अशी वेळ येते की गाडी जवळजवळ पूर्ण होते. इंजिन उघडून घासून बसवलेलं, पत्रा नवा, आतलं कापड नवं, फक्त एका दाराची काच वर करायची चावी राहिलीय. हा अत्यंत नाजूक काळ. गाडी पूर्ण झाली की ती चालवावी लागते. घरातली माणसं 'नरसोबाच्या वाडीला जाऊन येऊ' म्हणायला लागतात. रविवारी उद्यमनगरला जायला कारण उरत नाही, लेथवाल्याचा चहा बंद होतो, मिस्त्री तुम्हाला अनोळखी माणसासारखा नमस्कार घालतो. म्हणून ती चावी बनवून घ्यायची नाही. 'मूळचीच पाहिजे' असा हट्ट धरायचा. तेवढ्यासाठी सुट्या भागांची म्हणून दुसरी एक पद्मिनी बघून ठेवायची, इचलकरंजीत नाहीतर निपाणीकडं कुठंतरी, पहिलीपेक्षा स्वस्त. टेम्पोत घालून ती उद्यमनगरला आणायची आणि मिस्त्रीला सांगायचं की हिची ती चावी तेवढी काढ, बाकी भंगारात घालू.

मिस्त्री तिच्याभोवती एक फेरी मारेल. खिशातून चुंबक काढेल. तो चिकटेल, पुढच्या ठिकाणीही चिकटेल, दाराच्या खालच्या कडेलासुद्धा. मग तो पहिल्या गाडीकडं एकदा बघेल आणि म्हणेल, 'हिचा पत्रा बरा हाय की ओ. पहिलीचं इंजिन हिच्यात घालू या का?'