लेगॉसची चवळी आणि डोंबिवलीची बंदी

डोंबिवलीच्या आमच्या इमारतीचा व्हॉट्सॲप ग्रुप मला सोडता येत नाही. टाकी कधी धुणार, लिफ्ट कधी सुरू होणार, आईकडे पाणी आलं की नाही, हे मला इथे नायजेरियात, लेगॉसमध्ये त्यातूनच कळतं. बाकी सुप्रभात आणि फुलं. पण २०२५च्या ऑगस्टमध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने स्वातंत्र्यदिनी कत्तलखाने आणि मटण-चिकनची दुकानं बंद ठेवायचा आदेश काढला आणि ग्रुपवर फुलांऐवजी माणसं एकमेकांवर तुटून पडली. १९८८ पासूनचा ठराव आहे, दरवर्षी बंदच असतात, यंदाच एवढी बोंब का, असं काहींचं म्हणणं. तेव्हा उपमुख्यमंत्री असलेल्या अजित पवारांनाही अशी बंदी पटली नव्हती, हे दुसऱ्यांचं हत्यार. मी एकच ओळ लिहिली: पंधरा ऑगस्टचा आणि कोंबडीचा संबंध कुणी समजावून सांगेल का?

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी लगेच उत्तर दिलं. "ताई, तुम्ही आफ्रिकेत. तिथे मांसाशिवाय खायला मिळतं तरी काय? शाकाहार ही आपली संस्कृती आहे, ती तुम्हाला तिथे बसून कळायची नाही."

काकांना आफ्रिका म्हणजे एक गाव वाटतं, ते सोडा. पण मांसाशिवाय काय मिळतं या प्रश्नाचं उत्तर त्या आठवड्यात माझ्या फ्रिजमध्ये होतं. मोईन मोईन. मूळचं योरुबा लोकांचं, आता नायजेरियाभर खाल्लं जातं. सोललेली चवळी लाल मिरची आणि कांद्याबरोबर वाटायची, पानात बांधायची, वाफवायची. हेच पीठ घट्ट ठेवून, वड्यासारखं तळलं की आकारा. गुलाम म्हणून नेलेल्या लोकांबरोबर तो आकारा ब्राझीलला, बाहियाला पोचला आणि अजून तिथे रस्त्यावर विकला जातो. चवळीचं सर्वांत जास्त पीक नायजेरियातच येतं, त्यामुळे काकांनी काळजी करू नये, आम्ही उपाशी नाही.

माईल ट्वेल्व्हच्या बाजारातून आणलेली दोन डेरिका (टोमॅटोच्या डब्याचं इथलं माप) ओलोयिन, म्हणजे गोडसर तपकिरी चवळी, घ्यायची. आधी दहा मिनिटंच भिजवायची, म्हणजे साल सुटतं पण दाणा फुगत नाही. मग भरपूर पाण्यात दोन्ही तळव्यांनी चोळत राहायचं. सालं वर तरंगतात, ती पाण्याबरोबर ओतून द्यायची, पुन्हा पाणी, पुन्हा चोळणं. दाण्याचा डोळासुद्धा राहता कामा नये, नाहीतर रंग मळकट येतो आणि दाताखाली कचकच. हे काम एकटीने करायचं नसतंच, गप्पा मारायला कुणीतरी हवं. सोललेली डाळ आणखी तासभर भिजवून टाटाशे, आटा रोडो या मिरच्या आणि कांद्याबरोबर अगदी गंधासारखी वाटायची. टाटाशे रंगाला, आटा रोडो तिखटाला. आटा रोडोपुढे कोल्हापूरकरांनी उगाच फुशारकी मारू नये. आम्ही बँड ए मध्ये, म्हणजे सर्वांत जास्त तास वीज मिळणाऱ्यांत आहोत, तरी वाटण अर्ध्यावर असताना लाइट जातेच, मग गार्डला जेन, म्हणजे जनरेटर, लावायला सांगायचं. मीठ, तेल, मॅगीची वडी, कोमट पाणी, आणि हवा भरेपर्यंत फेटणं. पीठ चमच्यावरून सहज ओघळलं पाहिजे. घट्ट राहिलं तर वाफवल्यावर दगड होतो.

खरं कसब पानाचं आहे. त्याला एवे एरान म्हणतात. मोठं, गुळगुळीत पान, त्याच्या देठांचाच पातेल्याच्या तळाशी थर लावायचा आणि त्यावर पुड्या उभ्या करायच्या. (याच झाडाच्या फळातून थॉमॅटिन काढतात, साखरेच्या हजारो पटींनी गोड.) दोन पानांचा कोन करून त्यात पातळ पीठ ओतायचं आणि तोंड दुमडायचं, हे शेजारच्या आंटी फोनवर बोलता बोलता करतात. माझा हात पातोळ्यांवर बसलेला. हळदीच्या पानावर घट्ट उकड थापून पान मिटायचं, गळायचा प्रश्नच नाही. म्हणून मी सरळ ब्रेडच्या डब्याला तेलाचा हात लावते, तळाशी एवे एरानचा तुकडा घालते, पीठ ओतून वर फॉइल लावते आणि उकळत्या पाण्याच्या ट्रेमध्ये डबा ठेवून तासभर ओव्हनमध्ये. पूर्ण गार झाल्यावर सुरी लावायची, घाई केली तर भुगा होतो. तांबूस, लुसलुशीत पाव तयार. आंटींना हे मंजूर नाही. त्या याला केक म्हणतात.

त्यांना त्याहून नामंजूर आहे ते आत काही नसणं. घरोघरच्या मोईन मोईनमध्ये क्रेफिशची पूड असते, आपल्या जवळ्याची सख्खी बहीण. ती इथे मासळीत धरतच नाहीत, मिठात धरतात. परिस्थिती बरी असेल तर वर बांगडा, कॉर्न्ड बीफ, उकडलेल्या अंड्याची फोड. सात जिनसा घातलेल्या मोईन मोईनचा तर वेगळा मान आहे, ओवांबेत, म्हणजे इथल्या मोठ्या पार्टीत, जॉलोफ भाताच्या शेजारी तेच येतं. अंड्याची फोड कुणाच्या वाट्याला आली यावरून पोरांची भांडणं होतात. (महाराष्ट्रात शाळेच्या जेवणात आठवड्याला एक अंडं २०२३च्या अखेरीस मिळायला लागलं आणि २०२५च्या जानेवारीत सरकारने त्याचा निधी बंद केला. त्यावर आमच्या ग्रुपवर एक ओळ नव्हती.) माझ्या पावाची चकती चाखून आंटींनी विचारलं, "क्रेफिश नाही घातलं? उपास आहे का?" मग आवाज उतरवून, "घरी सगळं ठीक आहे ना, माय सिस्टर?"

म्हणजे नोकरी गेली नाही ना. मांसमासळी नाही याचा त्यांनी लावलेला अर्थ तेवढाच. डोंबिवलीत याच गोष्टीवर मला माणसं आपोआप चांगल्या घरची समजत आली. इथे ती माझी कीव करतात.

काकांना मी बरंच लिहिलं. एनुगूकडचा ओक्पा लिहिला, बांबारा शेंगेचं पीठ, पाम तेल, मिरची, मीठ, संपलं. इथिओपियाचे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती वर्षाचा जवळजवळ निम्मा काळ दूध-अंड्यालासुद्धा शिवत नाहीत, तेही लिहिलं. तुमची ज्वारी, बाजरी, नाचणी आणि चवळी, चारही मुळात आफ्रिकेतली, हजारो वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून आपल्याकडे आली. तुमच्या एकादशीचा साबुदाणा ज्या कंदाचा, तो अमेरिकेतला, आणि आज त्याचं जगात सर्वांत जास्त पीक नायजेरियात येतं. आमच्याकडे त्याची गारी होते, भाजलेल्या रव्यासारखी. हेही लिहिलं की एक ऑक्टोबरला, इथल्या स्वातंत्र्यदिनी, सुयावाल्याकडे, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं मसालेदार मांस विकणाऱ्याकडे, रांग असते आणि कुणाच्या देशभक्तीला धक्का लागत नाही.

जे लिहिलं नाही ते असं, की याच देशात उत्तरेच्या बारा राज्यांत शरियत कायदा आहे आणि कानोत बिअरच्या बाटल्यांवर बुलडोझर फिरवतात. ते काकांच्या हातात द्यायची माझी इच्छा नव्हती. वादात माणूस आपल्या सोयीचा देश घेऊन येतो.

काकांनी अंगठा पाठवला. तो सहमतीचा होता की निरोपाचा, कळलं नाही.

पण मला राग काकांचा आला होता की आंटींचा, हे अजून माझं मलाच सांगता येत नाही. मी मांस खात नाही यामागे काही विचार नाही, घरात नव्हतं म्हणून जिभेला नाही. तरीही तो न केलेला त्याग मला आयुष्यभर मान मिळवून देत होता. डोंबिवलीतला फ्लॅट आम्ही घ्यायला गेलो तेव्हा बिल्डरच्या माणसाने आडनाव विचारलं, मान डोलावली आणि चहा मागवला. आमच्या आधी आलेल्या जोडप्याला चहा नव्हता, त्यांना फक्त फ्लॅट शिल्लक नव्हता. तेव्हा मला ते खटकलंसुद्धा नाही. इथे मी ओयिन्बो, म्हणजे परदेशी आहे, गेटवर गार्ड आहे, गो-स्लोमध्ये, म्हणजे ट्रॅफिक जॅममध्ये, माझ्या गाडीची काच वर असते. कीव फक्त आंटींना येते, आणि तीही जेवणापुरती. तरी ती झोंबते, कारण डोंबिवलीत चाललेली नाणी त्या एका ओट्यावर चालत नाहीत. परत गेले तर मला तेच घर हवं आहे, त्याच इमारतीत, आणि जिन्यात फोडणीचाच वास हवा आहे. हे मी ग्रुपवर कधी लिहिणार नाही.

आता सोसायटीने नवा कागद काढलाय. यापुढे भाडेकरू शाकाहारीच ठेवायचे, प्रत्येक मालकाने संमती द्यायची. फ्लॅट माझ्या नावावर आहे, राहते आई, आणि माझ्या वतीने सही करायचा अधिकार तिच्याकडे आहे. मी तिला फोन करून सांगितलं की सही करायची नाही.

"तुला काय जातंय तिथून सांगायला," आई म्हणाली. "खाली काकांना रोज तोंड मला दाखवायचं असतं."