पुण्याला वर्षभर खासदार नव्हता, आणि आपण ते चालवून घेतलं

खासदार वारला, राजीनामा दिला, अपात्र ठरला, काहीही झालं तरी जागा रिकामी झाली की ६ महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायची असा कायदाच आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १५१ अ. तरी पुण्यासारख्या शहराला वर्षाच्या वर लोकसभेत खासदार नव्हता. तेव्हा चार दिवस बातम्या आल्या आणि विषय बंद झाला. तो बंद व्हायला नको होता असं मला मनापासून वाटतं म्हणून लांबलचक लिहितेय, वेळ काढून वाचा.

पुण्याचे खासदार गिरीश बापट गेले २९ मार्च २०२३ ला. लोकसभेची मुदत १६ जून २०२४ पर्यंत, म्हणजे चौदा महिन्यांच्या वर शिल्लक. कायद्यात सूट दोनच बाबतीत, एक तर मुदत वर्षापेक्षा कमी उरली असेल, नाहीतर निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी सल्लामसलत करून 'ठरलेल्या वेळेत निवडणूक घेणं अवघड आहे' असं सर्टिफिकेट दिलं तर. पहिली सूट लागूच होत नव्हती, मग दुसरी काढली. कारण काय, तर बाकीच्या निवडणुका आहेत, २०२४ ची तयारी चाललीय, आणि जो निवडून येईल त्याला तसाही थोडाच काळ मिळणार. अहो पूर आलाय, दंगल पेटलीय तर म्हणा ना अवघड, कोण अडवतंय. पण निवडणुका घेणं हेच ज्यांचं काम त्यांनी निवडणुकांमुळे सवड नाही म्हणायचं हे कसं काय? बरं, त्याच वर्षी केरळात आमदार ओमन चंडी १८ जुलैला गेले आणि त्यांच्या पुथुपल्लीत ५ सप्टेंबरला मतदान झालंसुद्धा. पुण्यातच बघा, कसब्याच्या आमदार मुक्ता टिळक गेल्या डिसेंबर २०२२ मध्ये आणि कसब्याची पोटनिवडणूक २६ फेब्रुवारीला उरकली. शहर तेच, यंत्रणा तीच.

शेवटी मुंबई हायकोर्टाने १३ डिसेंबर २०२३ ला आयोगाला सुनावलं की लोकांना प्रतिनिधीशिवाय ठेवता येणार नाही, ताबडतोब निवडणूक घ्या. जानेवारीत सुप्रीम कोर्टाची स्थगिती आली कारण तोवर लोकसभेची मुदतच संपत आली होती. म्हणजे उशीर करायचा आणि मग त्याच उशिराचा फायदा मिळायचा. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे.

आता आपल्या ठाण्याचं आठवा. खासदार प्रकाश परांजपे फेब्रुवारी २००८ मध्ये गेले. तेव्हाही लोकसभेला सव्वा वर्षच उरलं होतं, जवळपास पुण्याइतकंच, आणि मतदारसंघ केवढा, ठाणे कल्याण बेलापूर सगळं एकत्र. तरी मे महिन्यात, भर उन्हात पोटनिवडणूक झाली, आनंद परांजपे निवडून आले. आम्ही मत देऊन आलो होतो. कुणाला अवघड वाटलं नाही. पालघरचंही तसंच, चिंतामण वनगा जानेवारी २०१८ मध्ये गेले आणि २८ मेला मतदान. मग २०२३ मध्येच काय झालं?

'वर्षभर खासदार नसला तर काय बिघडतं' असं म्हणणारे आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पण आहेत. सांगते काय बिघडतं. सप्टेंबर २०२३ मध्ये महिला आरक्षण विधेयक लोकसभेत ४५४ विरुद्ध २ ने मंजूर झालं, त्यात पुण्याचं मत नाही, बाजूने नाही विरोधातही नाही. चंद्रपूरचंही नाही, बाळू धानोरकर ३० मे २०२३ ला गेले आणि तिथेही पोटनिवडणूक झालीच नाही. खासदार निधी वर्षाला ५ कोटी, पण कामं सुचवणार कोण? माझी मावसबहीण कोथरूडला असते, नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी पंतप्रधान मदत निधीचा अर्ज करायचा होता. हॉस्पिटलचं एस्टिमेट, उत्पन्नाचा दाखला, आधार, सगळं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये नीट लावलेलं, फक्त खासदाराचं पत्र नाही कारण खासदारच नाही. शेवटी ओळखीतून राज्यसभेच्या एका खासदाराकडून पत्र मिळालं, पण ज्याची ओळख नाही त्याने काय करायचं?

आणि रेल्वे! आपलं दिघा गाव स्टेशन बांधून तयार होतं आणि महिनोन्महिने बंद होतं, ठाण्याचे तेव्हाचे खासदार राजन विचारे मागे लागले होते, १२ जानेवारी २०२४ ला उघडलं एकदाचं. रेल्वे केंद्राची, तिथे नगरसेवक आमदार किती पुरे पडणार? नवी मुंबईत तर मे २०२० पासून जानेवारी २०२६ पर्यंत महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासकच. अधिकारी चांगले पण असतात, पण त्यांना मत मागायला परत आपल्या दारात यायचं नसतं ना.

खर्च होतो, मान्य, आचारसंहितेत कामं अडतात तेही मान्य. पण नांदेडला खासदार वसंत चव्हाण २६ ऑगस्ट २०२४ ला गेले आणि २० नोव्हेंबरला विधानसभेसोबतच मतदान घेतलं, म्हणजे मनात असलं की मेळ बसतो.

माझं म्हणणं एवढंच की 'अवघड' म्हणजे नक्की काय ते कायद्यात लिहा. पूर, भूकंप, दंगल, साथ, बस. जागा रिकामी झाल्यापासून ३० दिवसांत आयोगाने तारीख सांगायची, नाही घ्यायची तर कारण त्याच ३० दिवसांत लोकांसमोर ठेवायचं, म्हणजे कोर्टात जायला वेळ तरी उरेल. मंत्री नसलेला कुठलाही खासदार यावर खासगी विधेयक मांडू शकतो. ऐरोली बेलापूर ठाणे लोकसभेतच येतं, त्यामुळे मी आपले खासदार नरेश म्हस्के यांना पत्र लिहितेय, कच्चा मसुदा तयार आहे. ग्रुपमधल्या वकील मंडळींनी रविवारपर्यंत नजर टाकून द्या, आणि ज्यांना सही करायची त्यांनी खाली नाव आणि एरिया लिहा, कुठल्या पक्षाचे आहात ते लिहायची गरज नाही.