अप्पांच्या हनुवटीवरचा खळगा

रात्रीचे साडेदहा वाजलेत, आई झोपलीये, मला काही झोप येत नाहीये म्हणून लिहितेय. लांबलचक होणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढे गेलात तरी चालेल, पण ज्यांच्या घरात आईवडलांचे जुने फोटो पडून आहेत त्यांनी प्लीज वाचा.

येत्या रविवारी अप्पांचं वर्षश्राद्ध. भिंतीवर लावायला मोठा फोटो हवा होता, भाच्याने हौसेने ते काम अंगावर घेतलं, आणि आज संध्याकाळी फ्रेम घरी आली. सोनेरी कड, वर कागद गुंडाळलेला. कागद सोडला आणि मी बघतच राहिले. डोळे लख्ख, मिशीचा एकेक केस मोजून घ्या, आणि गाल एकदम गुळगुळीत. अप्पांचे गाल! सहा वर्षांचे असताना देवी आल्या होत्या त्यांना, दोन्ही गालांवर खळगे होते आणि हनुवटीवर डावीकडे एक मोठा, आम्ही पोरं मांडीवर बसून बोटाने ते मोजायचो आणि अप्पा दर वेळी म्हणायचे चुकला, परत मोज. त्यातला एकही नाही. आईने चष्मा लावला, फ्रेम मांडीवर घेतली, पदराने काच पुसली, परत एकदा पुसली. मग म्हणाली, "चेहरा चांगलाय गं. पण यांचा नाही." आणि आत जाऊन कुकर लावला.

भाचा म्हणतो, "आत्या, एचडी करून दिलाय त्यांनी, एक्स्ट्रा पैसे पण नाही घेतले." त्या पोराला मी काय बोलणार, बावीस वर्षांचा आहे, प्रेमानेच केलंय. दुकानदाराने फोनवरच्या कुठल्याशा फुकट अ‍ॅपमध्ये फोटो टाकला, एक बटण दाबलं, झालं. त्या अ‍ॅपला अप्पा कोण हे कुठून माहीत असणार, त्याला लाखो दुसऱ्यांचे चेहरे दाखवून शिकवलेलं असतं, फोटोत जिथे नीट दिसत नाही तिथे ते त्या दुसऱ्यांवरून अंदाजाने भरून टाकतं. म्हणजे आमच्या भिंतीवर अप्पांच्या चेहऱ्यात बाकीच्या जगाचे चेहरे मिसळून टांगायचे. आणि कोणी विचारलंसुद्धा नाही, की बाई, हे डाग ठेवायचे का काढायचे?

आता हा फोटो कुठला ते सांगते, कारण सगळा राग त्याच्यात आहे.

१९७१ चा फोटो आहे. अप्पा चोवीस वर्षांचे, गंगेवर, रामकुंडाजवळच्या पायऱ्यांवर सायकलला टेकून उभे (नाशिकबाहेरच्यांसाठी, आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो). मित्राचा आग्फा क्लिक थ्री कॅमेरा, ज्यात एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो निघायचे. प्रिंट जेमतेम सव्वादोन इंचांची, पांढऱ्या कडेची. तेव्हा आमचं घर भांडी बाजाराकडे, वाड्यात, तळमजल्यावर. २००८ च्या सप्टेंबरात पूर आला, आमच्याकडे हिशेब ठरलेला, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला पाणी लागलं की सामान वर चढवायला घ्यायचं, पण त्या दिवशी धान्य आणि गाद्या चढवेपर्यंतच पाणी उंबऱ्यात आलं आणि पलंगाखालची ट्रंक राहून गेली. अल्बम ट्रंकेत. दोन दिवसांनी उघडला तर पानं एकमेकांना चिकटलेली, चिखलाचा वास, कित्येक फोटोंचा नुसता लगदा. हा एक वाचला. मधोमध घडी, आकाशात बुरशीचे ठिपके, खाली चिखलाचा तपकिरी ओघळ.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी तो नीट करायला घेतला. पैसे खर्च करायचे नव्हते आणि चोरीचं फोटोशॉप टाकायचं नव्हतं (हो, तुमच्यापैकी निम्म्यांकडे आहे, मला माहितेय), म्हणून गिम्प घेतलं, फोटो दुरुस्तीचं मुक्त सॉफ्टवेअर (मुक्त म्हणजे काय ते पुढे सांगते). घरच्या स्कॅनरवर १२०० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला १२०० ठिपके, स्कॅन केलं. हे लक्षात ठेवा, प्रिंट छोटी असेल तर ३०० वर स्कॅन करून काही हाती लागत नाही. सव्वादोन इंच गुणिले १२०० म्हणजे २७०० पिक्सेल, ते ३०० ने छापले की नऊ इंचांचा फोटो होतो, भिंतीवर लावण्यासारखा. मग हील टूल घ्यायचं, कंट्रोल दाबून शेजारच्या चांगल्या जागेवर क्लिक करायचं आणि डागावर ब्रश फिरवायचा, ते तिथला पोत उचलून इथे बसवतं आणि रंग आजूबाजूशी जुळवून घेतं. आकाश झालं, घडी झाली, चिखल गेला. मग चेहऱ्यावर आले. अप्पा शेजारी खुर्ची ओढून बसलेले, हातात चहाची बशी. मी टकटक एकेक ठिपका पुसत चाललेय आणि अप्पा एकदम म्हणाले, "अगं थांब. तो बुरशीचा नाहीये, तो माझाय."

कंट्रोल झेड. परत आला खळगा. मग पुढचा अर्धा तास आम्ही दोघांनी मिळून ठरवलं, हा पुराचा, हा देवीचा, हा पुराचा, हा देवीचा. अप्पा आरशात बघून यायचे आणि सांगायचे. आज ते नाहीत. तो अर्धा तास मला कोणतं अ‍ॅप देणार आहे?

सॉरी, पुढे जाते.

लोक म्हणतात कोणतंही सॉफ्टवेअर वापर, फुकट आहे ना, मग झालं. नाही झालं! इंग्रजीत दोन्हीला फ्रीच म्हणतात म्हणून त्यांचा गोंधळ होतो, आपल्याकडे फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं, दोन सरळ शब्द आहेत, तरी आपणच गोंधळ घालतो. फुकट म्हणजे आज पैसे घेतले नाहीत एवढंच. मुक्त म्हणजे ते कसं चालतं ते कोणीही उघडून बघू शकतं, बदलू शकतं, दुसऱ्याला देऊ शकतं. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रामरने मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला तेव्हापासून ही मुक्तवाली माणसं हेच सांगतायत. गिम्पचं काम बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये सुरू केलं, ते दोघं केव्हाच आपापल्या कामाला लागले, पण गिम्प चालूच आहे, २०२५ मध्ये त्याची ३.० आवृत्ती आली. का? कोड, म्हणजे ते ज्या सूचनांवर चालतं त्या, सगळ्यांसमोर आहे, एकाने सोडलं तर दुसरा उचलतो.

फोटो लावून ठेवायचं पिकासा आठवतं? नाशिकमधल्या निम्म्या घरांत होतं. गूगलने २००४ मध्ये विकत घेतलं, फुकट वाटलं, सुंदरच होतं, त्यात वाद नाही. २०१६ मध्ये बंद केलं. कंपनीचा निर्णय, त्यांचा हक्क. पण कोड बंद होता, त्यामुळे दुसऱ्या कोणाला ते पुढे चालवता येईना. आणि हेच उलटं बघा, फोनवरचं सिंपल गॅलरी नावाचं मुक्त अ‍ॅप २०२३ च्या शेवटी विकलं गेलं, तर लगेच त्याच कोडवरून फॉसिफाय गॅलरी उभं राहिलं. शॉटवेल हे फोटो लावायचं मुक्त सॉफ्टवेअर ज्या संस्थेने बनवलं ती बंद पडली, शॉटवेल लिनक्सवर अजून चालतंय.

गूगल फोटोजचंही तसंच, २०१५ पासून हाय क्वालिटीचे फोटो कितीही ठेवा म्हणाले, १ जून २०२१ पासून पंधरा जीबीची मर्यादा मोजायला लागले, तीही मेल आणि ड्राइव्ह धरून. सोय मोठी आहे, फोन हरवला तर फोटो वाचतात, हे कबूल. मीही बॅकअप ठेवते. पण बॅकअप म्हणून ठेवणं वेगळं आणि घरची एकुलती एक ट्रंक दुसऱ्याच्या वाड्यात ठेवून येणं वेगळं.

आणि आता माझी चूक सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय हे पूर्ण होत नाही. नीट केलेला फोटो माझ्याकडे होता ना? मग भाच्याने तो का नाही नेला? कारण त्याला माहीतच नव्हतं. मी २०२० मध्ये तो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, सगळ्यांनी हात जोडले, संपलं. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं, त्यातली तारीखबिरीख पण काढून टाकतं. भाच्याने तोच खाली उतरवला, त्यानेही तो पुढे कोणाकोणाला पाठवला असणार, दुकानात पोचेपर्यंत चेहरा म्हणजे नुसता धुरकट ठोकळा. खळगे तिथेच निम्मे गेले होते, उरलेले त्या बटणाने घालवले. तेव्हाच डॉक्युमेंट म्हणून पाठवला असता तर फाइल आहे तशी पोचली असती. दोन सेकंदांचं काम होतं. मी नाही केलं, आणि आज आईने ती काच दोनदा पुसली.

त्यामुळे आता विचारताच आहात तर मी काय वापरते ते सांगते (आज तिघांनी इनबॉक्समध्ये विचारलंय). नुसते फोटो बघायला इरफानव्ह्यू, १९९६ पासून आहे, जुन्या रडतखडत चालणाऱ्या लॅपटॉपवरही फटकन उघडतं. ते मुक्त नाही, घरच्या वापरासाठी नुसतं फुकट आहे, आणि एवढं बोलल्यावर मीच ते वापरते हे तुम्ही पकडणार, तर पकडा. लावून ठेवायला डिजिकॅम. हे खरं सोनं आहे. २००१ पासून चालू आहे, विंडोजवर चालतं, तुमचे फोल्डर जिथे आहेत तिथेच राहतात, चेहरे ओळखायला ते तुमचे फोटो कुठे पाठवत नाही, सगळं तुमच्याच कॉम्प्युटरवर होतं. मी अप्पांचं नाव सात-आठ फोटोंना दिलं आणि त्याने १९९० च्या लग्नातले, मागच्या रांगेत अर्धे लपलेले अप्पा शोधून दिले. एकच करा, सेटिंगमध्ये मेटाडेटा (फोटोबद्दलची माहिती) फाइलमध्ये लिहायचा पर्याय चालू आहे का बघा, म्हणजे नावं आणि टॅग फोटोच्या पोटातच राहतात, उद्या डिजिकॅम सोडलं तरी फोटोबरोबर जातात. अल्बममध्ये फोटोच्या पाठीवर अप्पा पेन्सिलीने लिहायचे ना, "कुंभ, २००३, उजवीकडून शांताकाकू", तेच हे.

दुरुस्तीला गिम्प. अवघड आहे. खोटं नाही बोलणार, पहिले चार दिवस मी कपाळावर हात मारून घेतला, सेव्ह केलं की ते एक्ससीएफ फाइल करतं, जेपीजी हवी तर एक्सपोर्ट करावं लागतं, हे कळायलाच एक संध्याकाळ गेली. पण त्यालाही कारण आहे. जेपीजी उघडून बदल करून परत सेव्ह केली की दर वेळी थोडी खराब होते, एक्ससीएफमध्ये सगळे थर जसेच्या तसे राहतात. कॅमेऱ्याचे रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेले कच्चे फोटो असतील तर डार्कटेबल, ते मूळ फाइलला हातच लावत नाही, तुम्ही काय काय केलं ते शेजारी एका छोट्या वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवतं. सगळी त्यांच्या स्वतःच्या साइटवरून घ्या, सर्चमध्ये वर येणाऱ्या जाहिरातींवरच्या हिरव्या डाउनलोड बटणावरून नको.

फोनवर हे नाही चालत म्हणाल. खरंय, डिजिकॅम आणि गिम्प फोनवर नाहीत. आणि सगळ्यांना बसायला वेळ नसतो हेही खरंय, माझी वहिनी दोन मुलं आणि नोकरी सांभाळून हील टूल फिरवत बसणार नाही. आणि हो, गिम्पमध्येही चेहरा गुळगुळीत करता येतो. पण तिथे तुम्ही करता. ब्रश तुमच्या हातात असतो, आणि शेजारी बसलेला माणूस थांब म्हणू शकतो.

त्या दुकानदारावर मघाशी फार चिडले होते, फोन करून भांडणार होते. आता नाही. त्याच्याकडे रोज माणसं असेच धुरकट फोटो घेऊन येत असणार, तेराव्याच्या आत फ्रेम हवी म्हणून, आणि त्याने बटण दाबलं की समोरचं रडू थोडं थांबत असणार. पण विचारा हो. एवढंच एक वाक्य विचारा, की डाग ठेवायचे का.

मघाशी उठून जुन्या हार्ड डिस्कवर बघितलं. फाइल आहे. "अप्पा_गंगेवर_१९७१", एक्ससीएफ, सगळे थर शाबूत. मोठी करून बघितली, हनुवटीवर डावीकडे तो खळगा आहे, त्याच्या कडेला माझ्या ब्रशचा छोटासा चुकार फटकारा पण आहे, तेव्हा घाईत राहून गेलेला. आता तो मी काढणार नाहीये.

उद्या दहाला पेन ड्राइव्ह घेऊन दुकानात जातेय, भाचा पण येतोय. तीच फ्रेम, आतला फोटो बदलून घ्यायचा. आधी आईला स्क्रीनवर दाखवणार. रविवारनंतर कोणाला पुरातले फोटो स्कॅन करायचे असतील तर या माझ्याकडे, स्कॅनर घरीच आहे. फोटो चिकटलेले असतील तर ओढून वेगळे करू नका, तसेच घेऊन या. आणि फोटोतलं माणूस हयात असेल तर त्यांनाही बरोबर आणा, खुर्ची आहे.