सोनवणे साहेबांचं नाव आता कोण काढतं?

गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागच्या आठवड्यात जो वाद झाला, त्यावर तिथेच लिहिलं असतं तर भांडण वाढलं असतं म्हणून इथे सविस्तर लिहितोय. व्हिडिओ साधाच होता, गिरणेच्या पात्रातून चोरीच्या वाळूचं ट्रॅक्टर पळतंय आणि तलाठी मोटरसायकलवर त्याच्या मागे. खाली आपल्याच पोरांनी लिहिलं, हप्ता कमी पडला असेल, मरायची हौस आहे का भो याला. एकानेही विचारलं नाही की तो माणूस घरी नीट पोचला का.

यशवंत सोनवणे आठवतात का कुणाला? मालेगावचे अपर जिल्हाधिकारी. २५ जानेवारी २०११, मनमाडजवळ पानेवाडी, तिथे तेलाचे डेपो आहेत, एका ढाब्याजवळ इंधनात भेसळीचा धंदा दिसला म्हणून त्यांनी गाडी थांबवली, मोबाईलमध्ये शूटिंग सुरू केलं, आणि त्या लोकांनी त्यांना दिवसाढवळ्या रॉकेल टाकून जाळलं. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन. राज्यभर सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद केलं, धाडी पडल्या, पेपर भरून बातम्या आल्या. आणि मग? आपण सगळे मुंबईहून खान्देशात येतो ते मनमाडवरूनच, तिथे चहा घेतो, पुढे नांदगाव चाळीसगाव, पण त्या स्टेशनवर सोनवणेंचं नाव निघालेलं मी तरी ऐकलं नाही.

मी राहतो इंग्लंडमध्ये, रेडिंगला. इथून जवळच सलहॅमस्टेड म्हणून खेडं आहे, शेतं आणि अरुंद रस्ते. १५ ऑगस्ट २०१९ च्या रात्री अँड्र्यू हार्पर नावाचा २८ वर्षांचा कॉन्स्टेबल तिथे गेला. शिफ्ट संपलेली, लग्नाला महिनासुद्धा झाला नव्हता, कॉल काय तर चारचाकी शेतबाईक चोरीला गेलीय. चोरांच्या गाडीला मागे बांधलेल्या पट्ट्यात त्याचा पाय अडकला आणि त्यांनी गाडी तशीच पळवली, मैलभराहून जास्त त्याला फरफटत नेलं, त्यातच तो गेला.

पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. मध्ये कोविड आला, एकदा खटला अर्ध्यावर थांबवून पुन्हा सुरू करावा लागला, तरी ३१ जुलै २०२० ला शिक्षा सुनावली गेली, म्हणजे वर्षाच्या आत. खुनाचा आरोप ज्यूरीने मान्य केला नाही, सदोष मनुष्यवधावर एकाला १६ आणि दोघांना १३-१३ वर्षं. लोक चिडले, हार्परची बायको लिसी गप्प बसली नाही, आणि २०२२ मध्ये कायदा झाला, पोलीस, अग्निशमनवाले, ॲम्ब्युलन्सवाले यांना ते कामावर असताना एखाद्या गुन्ह्यात कुणी मारलं तर सदोष मनुष्यवधालाही जन्मठेप, अगदी अपवादात्मक परिस्थिती सोडून. न्यायाधीशाचे हात बांधले जातात असं म्हणणारेही इथे आहेत आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. पण एका खेड्यातल्या चोरीच्या कॉलवर गेलेल्या शिपायासाठी पार्लमेंट हललं, हे मला मोठं वाटतं.

आपल्याकडे उलटं झालं. सरकारी कर्मचाऱ्यावर कामात अडथळा आणायला हल्ला, जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३५३, महाराष्ट्राने दुरुस्ती करून त्याची शिक्षा पाच वर्षांपर्यंत नेली होती. मग आमदारांनी ओरड केली की अधिकारी त्याचा गैरवापर करतात, आणि ते सगळंच खोटं होतं असं मी म्हणणार नाही, काही साहेब लोक साध्या शेतकऱ्यावरही ते लावायचे. पण १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि तिच्यात याच गुन्ह्याच्या कलम १३२ ला शिक्षा दोनच वर्षांपर्यंत. रात्री नदीत एकटा उतरणाऱ्या तलाठ्याने यातून काय समजायचं?

माझे मामा भडगाव तालुक्यात पोलीस पाटील होते. ना वर्दी ना हत्यार, एक काठी आणि तीन सेलची टॉर्च. वाळूवाले हेडलाईट बंद करून यायचे, मोबाईलच्या उजेडात भरायचे, आणि मामा काठावर उभे राहून नुसता टॉर्च मारायचे, म्हणजे कुणीतरी बघतंय एवढं कळावं. मामी दाराची कडी न लावता बसून राहायची. २०२४ मध्ये पोलीस पाटलांचं मानधन साडेसहा हजाराचं पंधरा हजार केलं ते चांगलंच झालं, पण काठावरचा माणूस आजही तसाच एकटा आहे. आणि वाळू गेली की पाणी मुरत नाही, काठच्या विहिरी खाली जातात, केळी करपते, तेव्हा हेच ग्रुपवाले कलेक्टरच्या नावाने ओरडतात.

२१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन असतो, १९५९ ला लडाखच्या हॉट स्प्रिंग्जला चिनी सैन्याने आपले १० पोलीस जवान मारले त्यांच्या आठवणीत. पोलीस मैदानावर शहीदांची नावं वाचतात. पण तो कार्यक्रम पोलिसांचा, पोलिसांसाठी. महसूलवाला, कोतवाल, पोलीस पाटील कर्तव्यावर मेला तर त्याचं नाव कुठे वाचायचं? लंडनला सेंट जेम्स स्क्वेअरमध्ये यव्हॉन फ्लेचर या पोलीस बाईच्या आठवणीचा दगड आहे, १९८४ ला ती गोळी लागून पडली तिथेच, रस्त्याच्या कडेला, ऑफिसला जाणारे येणारे त्याच्या शेजारून जातात. तसं पाहिजे. पानेवाडीला, रस्त्यावरच, ट्रकवाल्यांना दिसेल असं.

आणि गावापुरतं बोलायचं तर वाळूच्या केसला पंच म्हणून सही करायला दोन माणसं मिळत नाहीत, मामा दारोदार फिरायचे आणि लोक आतून सांगायचे की घरी नाहीत. येत्या ग्रामसभेत एवढा ठराव घ्या की तलाठी, पोलीस पाटील नदीवर गेले तर गावातले चार जण सोबत जातील आणि पंचनाम्यावर सही करतील. दगडासाठी वर्गणी लागली तर आम्ही बाहेरचे देऊ, सह्या मात्र तुम्हालाच कराव्या लागतील.