सावित्रीवरचा पूल वयाने गेला का?

पार्क चौकातल्या कट्ट्यावर परवा वाद पेटला तो सावित्री नदीवरच्या जुन्या पुलावरून. महाड आणि पोलादपूर यांच्यामधला, १९२८ साली बांधलेला हा दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर जयगड व राजापूरहून मुंबईकडे निघालेल्या दोन एसटी गाड्या आणि एक तवेरा नदीत गेली.

एसटीतून निवृत्त झालेले अण्णा अजूनही त्या रात्रीविषयी बोलताना अस्वस्थ होतात. पूल म्हातारा झाला होता, शेजारी गोव्याकडे जाणाऱ्या वाहनांसाठी नवा पूल उभा होता, मग मुंबईकडची वाहतूक जुन्यावर का ठेवली, असा त्यांचा सवाल.

"अण्णा, वयाचं कारण पुढे केलं की बाकीचे सगळे सुटतात," मालक म्हणाले. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ चा. कृष्णेचे २००५ आणि २०१९ चे महापूर त्याने सोसले. मालकांनी उभी हयात बांधकामात काढली आहे. त्यांनी समजावले ते असे, की खांबाला अडलेले पाणी तळाशी भोवरा घेऊन वाळू-गोटे उपसते आणि पायाखाली खड्डा पडतो. पूर ओसरताना तोच खड्डा गाळाने भरून निघतो, त्यामुळे उन्हाळ्यात पाहणाऱ्याला तळ धडधाकट दिसतो. शिवाय शेजारच्या दोन कमानींचा रेटा मधल्या खांबावर परस्परांना तोलत असतो, म्हणून एक खांब खचला की पुढच्या कमानीही ओळीने बसतात.

या पुलाची तपासणी मे २०१६ मध्ये झाली होती आणि तो वाहतुकीस योग्य ठरला होता. माझ्या मते सगळ्या प्रकरणातली सर्वांत गंभीर बाब हीच आहे.

कोणीतरी वाहून गेलेल्या पुलाच्या जागी बांधलेल्या नव्या पुलाचे कौतुक काढले. तो १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ रोजी खुला झाला, हे काम खरोखर मोठे आहे. पण जुना का गेला, याचे उत्तर त्यात नाही.

अण्णांनी मालकांचे म्हणणे मान्य केले, पण अर्धेच. "पाया मोजाच, पण पाणी खुणेपर्यंत चढलं की पूल बंद करणारा माणूसही तिथे हवा. त्या रात्री पुढच्या गाड्या थांबवल्या त्या जवळच्या गॅरेजमधल्या कामगाराने." यावर मात्र मालकांनी वाद घातला नाही.