बिननावाचं बियाणं

दिवाळीला गावी पोचलो तेव्हा हलकं धान कापून झालं होतं, भारी धान बांध्यांमध्ये उभं होतं आणि आमच्या छपरीत भांडण लागलं होतं. एका बाजूला थोरले भाऊ, पाच एकर धान आणि सोसायटीचं कर्ज सांभाळणारे. दुसऱ्या बाजूला त्यांचाच मुलगा, नागपूरला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. मी बॅग खाली ठेवतो न ठेवतो तोच दोघांनी मला पंच करून बसवलं. म्युनिकमध्ये मी तेरा वर्षं सॉफ्टवेअर लिहितो, तेव्हा मला यातलं सगळं कळत असणार, असा घरचा भाबडा समज आहे.

पुतण्याचं म्हणणं असं, की भारतात सॉफ्टवेअरला पेटंट मिळत नाही म्हणून इथं कोणी नवीन काही करत नाही. "काका, आपण वर्षभर डोकं लावायचं अन् दुसऱ्यानं एका रात्रीत उचलून न्यायचं. आपला कोड सगळ्यांसाठी मोकळा ठेवायचा, ते ओपन सोर्स म्हणजे फुकटात राबणं. पोरं रात्री जागून लिहितात अन् मोठ्या कंपन्या त्यावर कोट्यवधी कमावतात." भाऊंचं उत्तर तयार होतं. "पेटंट म्हणजे लूट. हळदीचं घेतलं, कडूनिंबाचं घेतलं, उद्या शेणाचं घेतीन."

दोघंही अर्धे बरोबर होते. घरच्या वादात हीच पंचाईत असते. पूर्ण चुकलेला माणूस लवकर गप्प बसतो, अर्धा बरोबर असलेला जेवणाच्या ताटावरही थांबत नाही.

आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३ म्हणतं की निव्वळ कॉम्प्युटर प्रोग्रॅम हा शोध धरला जाणार नाही. डिसेंबर २००४ च्या अध्यादेशानं हे दार किलकिलं केलं होतं, पण २००५ मध्ये संसदेत कायदा होताना ती तरतूद गळली. गंमत म्हणजे त्याच वर्षी, ६ जुलैला, युरोपच्या संसदेनंही सॉफ्टवेअर पेटंटचा प्रस्ताव ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला. (त्यात पेटंट हवं असणारेही होते आणि नको असणारेही, आपल्या मनासारखा कायदा होत नसेल तर झालाच नाही तरी चालेल, यावर दोन्ही गटांचं एकमत झालं होतं.) त्यानंतर युरोपात सॉफ्टवेअर लिहिणं काही बंद पडलं नाही. उलट अमेरिकेत १९९९ मध्ये एका क्लिकमध्ये वस्तू मागवण्याच्या कल्पनेवर ॲमेझॉनला पेटंट मिळालं आणि ते २०१७ पर्यंत चाललं. बटण एकदा दाबायचं की दोनदा, याला शोध म्हणायचं असेल तर आमच्या चक्कीवाल्याच्या नावावर दहा पेटंटं निघतील.

भाऊंची हळदही खरीच आहे. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिलं गेलं आणि आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं ते १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. कडूनिंबाचा निकाल तर मी रोज सायकलवरून जातो त्या रस्त्यावर लागला. म्युनिकमध्ये इसार नदीच्या काठी युरोपीय पेटंट कार्यालयाची काळपट काचांची मोठी इमारत आहे. कडूनिंबाच्या तेलाच्या बुरशीनाशकाचं पेटंट तिथं २००० मध्ये रद्द झालं आणि २००५ मध्ये अपिलातही ते टिकलं नाही. म्हणजे लूट झाली होती, आणि लुटीची तक्रार ऐकून घेणारं दारही त्याच इमारतीला होतं. हे भाऊंना सांगितलं तर म्हणाले, "मंग पहिले दिलंच कायले?" याला माझ्याकडे उत्तर नाही.

एवढ्यावर चहा झाला असता आणि विषय मिटला असता. पण पुतण्यानं दादाजींचं नाव काढलं.

आमच्या भागात दादाजी म्हणजे दादाजी खोब्रागडे. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातलं नांदेड गाव, दीड एकर जमीन, शिक्षण जेमतेम. १९८३ मध्ये पटेल-३ या धानाच्या बांधीत त्यांना पिवळसर छटेच्या तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, जपल्या, वर्षानुवर्षं निवडून पेरल्या. त्यातून निघालेला बारीक तांदूळ बाजारात गेला तेव्हा त्याला नाव हवं होतं, आणि त्या काळात मनगटावर एचएमटीचं घड्याळ असणं ही मोठी गोष्ट होती. झालं, तांदूळ एचएमटी. घड्याळाचं नाव घरोघरच्या कुकरमध्ये पोचलं, दादाजींचं मात्र नांदेडच्या वेशीवरच राहिलं. १९९४ मध्ये अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठानं (पीकेव्ही) त्यांच्याकडून बी नेलं आणि १९९८ मध्ये पीकेव्ही एचएमटी हे वाण प्रसारित झालं. आम्ही त्याचं शुद्धीकरण केलं, असं विद्यापीठाचं म्हणणं. माझं बी होतं, असं दादाजींचं. पुढं त्यांचा सन्मान झाला, २००५ मध्ये राष्ट्रपती कलामांच्या हस्ते पुरस्कारही मिळाला. आणखी वाणंही त्यांनी काढली. जून २०१८ मध्ये गेले तेव्हा ते गरीबच होते.

"पेटंट असतं तर दादाजी आज करोडपती राहिले असते," पुतण्या म्हणाला.

"पेटंट असतं," भाऊ म्हणाले, "तर तुह्या आज्यानं हे धान पेरलंच नसतं."

हेही खरं. आमच्याकडे एचएमटी आलं ते मामाच्या गावाहून, बाबांच्या धोतराच्या सोग्यात बांधून. एक पायली एचएमटी, बदल्यात दीड पायली साधं धान. पावती नाही, सही नाही. पुढं आमच्याकडून ते आणखी चार घरी गेलं. एकच दादाजी, आणि बाप-लेक दोघंही त्याच्याच नावानं एकमेकांना हरवत होते. मी पंच होतो, पण गप्प बसलो. कारण मला माझा स्वतःचा एक जुना उद्योग आठवला.

पुण्यातली माझी पहिली नोकरी. एक अहवाल छापायचा प्रोग्रॅम पंधरा दिवसांत द्यायचा होता. कुणीतरी लिहून मोकळा ठेवलेला कोड मला सापडला, अगदी हवा तसा. फाइलच्या डोक्यावर बारा-पंधरा ओळी होत्या: कोणी लिहिलं, कोणत्या साली, कोणत्या अटींवर वापरता येईल. अट साधी होती, या ओळी काढू नका. टीम लीड मागून वाकून बघत म्हणाले, "वरचं तेवढं उडव, क्लायंटला बरं नाही दिसत." मी माउसनं त्या ओळी निळ्या केल्या आणि डिलीट दाबलं. पोटात काही कालवलं वगैरे नाही. फुकट ते पौष्टिक, एवढंच डोक्यात होतं.

म्युनिकला आल्यावर दुसऱ्याच महिन्यात मी तसलाच एक तुकडा घेतला आणि काम अडलं. तिथं माल बाहेर जाण्याआधी कोणता कोड कुठून आला आणि त्याची अट काय, हे तपासतात. वकीलबाई समोर बसल्या आणि मला त्या परवान्याचा एकेक शब्द वाचायला लावला. तीन दिवस गेले. तेव्हा पहिल्यांदा कळलं की रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकी प्रोग्रॅमरनं १९८९ मध्ये काढलेला जीपीएल परवाना हा दानपत्रापेक्षा करारनामा जास्त आहे. घे, वापर, बदल, विकसुद्धा; पण बदललेलं पुढं दिलंस तर याच अटीवर दे, आणि माझं नाव राहू दे. छपरीत मी माझा फोन काढला, सेटिंगमध्ये आत जाऊन परवान्यांची यादी उघडली आणि भाऊंच्या हातात दिली. ते अंगठ्यानं सरकवत राहिले. यादी संपेना.

"एवढी नावं वाचते कोण?"

"कोणीच नाही वाचत. पण काढता येत नाहीत."

आपल्या घरच्या वादाची गाडी इथंच घसरते असं मला वाटतं. आपण सगळा वेळ फुकट की पैशानं यावर घालवतो. नाव कोणाचं आणि अट कोणती, हा प्रश्न छपरीत येतच नाही. दादाजींचं बी मोकळं होतं, पण त्याच्याबरोबर अट चालत गेली नाही, म्हणून ज्याच्याकडे शिक्का होता त्याच्या नावाचं ते झालं. देवाणघेवाण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, पण ती गावापुरती ठीक होती, जिथं कोणाचं बी कोणाकडून आलं हे पारावर बसलेल्या म्हाताऱ्याला तोंडपाठ असतं. गावाबाहेर पडलं की बियाणं बिननावी.

बिननावी किती महाग पडतं हे बहिणीच्या सासरी विचारा. ती कापूसपट्ट्यात, अकोटकडे. जून २०१९ मध्ये त्याच तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेनं परवानगी नसलेलं तणनाशक-सहनशील बीटी कापसाचं बियाणं उघडपणे पेरून सत्याग्रह केला. तंत्रज्ञान निवडायचं स्वातंत्र्य हवं, हा त्यांचा मुद्दा मला पटतो. पण बाजारात हे बी चोर बीटी म्हणून विकलं जातं, साध्या पाकिटात, बिलाशिवाय. भावजींचं एका हंगामात निम्मं उगवलंच नाही. कोणाला धरणार? तक्रारीला कागद लागतो आणि पाकिटावर नाव नव्हतं. आमच्या तालुक्यातल्या एका कॉम्प्युटर क्लासचंही हेच, तिथल्या दहाही मशिनींवर चोरीचं विंडोज. तिथं शिकूनच मी मोठा झालो, तेव्हा नाकं मुरडायचा अधिकार मला नाही. पण व्हायरसनं सगळ्या मुलांचे प्रोजेक्ट एकदम गेले तेव्हा सर नुसते पंख्याकडे बघत बसले होते, ते दृश्य विसरत नाही.

आता कोणी म्हणेल, तिकडं जर्मनीत बसून शहाणपण शिकवणं सोपं आहे. तिकडचंही सांगतो. म्युनिक महापालिकेनं २००३ मध्ये विंडोज सोडून लिनक्स ही ओपन सोर्स प्रणाली घ्यायचं ठरवलं, तेव्हा मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख बालमर सुट्टी अर्धवट टाकून महापौरांना भेटायला आले होते. त्यांचं ऐकलं नाही. सुमारे १५,००० कॉम्प्युटर बदलले. आणि २०१७ मध्ये त्याच महापालिकेनं परत विंडोजकडे जायचा ठराव केला. २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये कोणीतरी चोरदार बसवल्याचं उघड झालं. तो प्रोग्रॅम लिनक्सच्या असंख्य मशिनींत असतो आणि तो सांभाळणारा माणूस एकटा होता, बिनपगारी आणि थकलेला. चोरानं मदतनीस म्हणून दोन वर्षं त्याचा विश्वास कमावला होता. एका इंजिनीअरला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं म्हणून जग वाचलं. म्हणजे पुतण्या म्हणतो ते फुकटात राबणं खोटं नाही. नाव राहिलं तरी पोट भरेलच असं नाही, आणि यावर तिकडच्या शहाण्यांनाही अजून औषध सापडलेलं नाही.

आणि काही बाबतींत आपण पुढंच आहोत. भाऊंचा ट्रॅक्टर बिघडला की ब्रह्मपुरीचा मिस्त्री येतो, बोनेट उघडतो, शिव्या देतो आणि चालू करून जातो. अमेरिकेतल्या शेतकऱ्याला स्वतःच्या ट्रॅक्टरचं सॉफ्टवेअर उघडायला कंपनीच्या डीलरची वाट बघावी लागते म्हणून तिथं दुरुस्तीच्या हक्कासाठी कायदे मागावे लागतायत. कोलोरॅडोनं २०२३ मध्ये तसा कायदा केलाही. बियाण्याचंही तेच. आपल्या २००१ च्या वाण संरक्षण कायद्याचं कलम ३९ शेतकऱ्याला संरक्षित वाणाचं बी राखायला, पेरायला, अदलाबदल करायला आणि ब्रँड न लावता विकायलाही मुभा देतं. शिवाय शेतकऱ्याचं स्वतःचं वाण त्याच्या नावावर नोंदवता येतं. जर्मनीत लहान शेतकरी सोडले तर संरक्षित वाणाचं घरचं बी पुन्हा पेरायलाही शुल्क पडतं. कायदा आपल्याकडे चांगला आहे, फॉर्म भरून देणारा कोणी नाही. पुतण्याला मी तेच म्हणालो: तुझ्या कॉलेजातल्या चार पोरांनी वर्षातून एकदा येऊन या पट्ट्यातल्या म्हाताऱ्यांच्या वाणांचे फॉर्म भरून दिले, तर पेटंटच्या भाषणापेक्षा उपयोग होईल. त्यानं मान हलवली. पोरं मान हलवतात.

मग मी फोनमधला माझ्या बाल्कनीचा फोटो दाखवला. सनविवा नावाचा पिवळा, छोटा टोमॅटो, आमच्याकडचं भेदरं. २०१७ मध्ये जर्मनीत काही लोकांनी हे वाण ओपन सोर्स परवान्यासह बाहेर काढलं. सॉफ्टवेअरचीच युक्ती: पेरा, वाढवा, निवड करून नवं वाण काढा, विका, पण यावर किंवा यातून निघालेल्यावर कोणी मालकी हक्क सांगायचा नाही, आणि पुढं देताना हीच अट द्यायची. तीन लोंब्यांबरोबर असा एक कागद गेला असता तर, असं मला तो कुंडीत लावताना वाटलं होतं. बी आणलं नव्हतं, विमानतळावर नसती भानगड. पण पाकिटाचा फोटो होता. पुतण्यानं तो मोठा करून जर्मन अक्षरं लावून वाचली आणि विचारलं, त्याच्या प्रोजेक्टच्या कोडला मी सांगतो तसा परवाना लावायचा तर फाइल कुठं ठेवायची. आम्ही दोघं लॅपटॉप घेऊन बसलो.

भाऊ चष्मा लावून अजून त्या पाकिटाकडेच बघत होते.

"हे सारं अटीचंच लिवलं आहे?"

"हो."

"अन् भेदरं कवा लावाचं, थे कुठं लिवलं?"

मी फोटो सरकवून बघितला. मागची बाजू काढायचीच राहिली होती.