उलटी प्रदक्षिणा

आम्ही राहतो न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये, पण आमच्या घरात अस्सल एडिसनकर एकच, आणि ती गॅरेजमध्ये उभी असते. मी सांगलीचा, बायको डोंबिवलीची, मुलगी जन्मली टेक्सासात. 1966 ची फोर्ड मस्टँग मात्र इथलीच. तिच्या चासी नंबरातलं दुसरं अक्षर आहे टी, म्हणजे मेटुचेनचा कारखाना. नाव मेटुचेनचं असलं तरी कारखाना होता एडिसनमध्येच, रूट वनवर. (कोकण रेल्वेवर नाही का, स्टेशनला नाव एका गावाचं आणि गाव तिथून रिक्षाने वीस मिनिटं.) 2004 साली तो बंद पडला, आता तिथे दुकानं आहेत.

"आपण तिला आणलेली नाही, ती माहेरी परत आलीय," असं मी बायकोला पटवायला गेलो.

"मग स्वतःच्या पायांनी का नाही आली? ट्रकवर बसून आली ती."

याला उत्तर नव्हतं. पेनसिल्व्हेनियातल्या एका शेडमध्ये ती अठरा वर्षं उभी होती. या गाडीत डिकीचा तळ म्हणजेच पेट्रोलच्या टाकीचं झाकण, त्यामुळे डिकी उघडली की कोणीतरी घराला रंग काढलाय असा वास यायचा. टाकी, नळ्या, पंप, कार्बोरेटर सगळं साफ करून झालं. बॅटरी नवी टाकली. किल्ली फिरवली की गाडी पहाटेच्या खोकल्यासारखी खाकरायची आणि गप्प व्हायची.

मेकॅनिक बोलावला. पोरगा हुशार, हातात स्कॅनर. डॅशबोर्डखाली डोकं घालून पाचेक मिनिटं तो काहीतरी चाचपत राहिला. स्कॅनर लावायचं ते सॉकेट 1996 पासून इथल्या सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं झालं. आमची बया त्याच्या तीस वर्षं आधीची. शेवटी तो उठला आणि म्हणाला, "पण हिला काय होतंय ते ही सांगते कशी?" मी त्याला कॉफी पाजून पाठवून दिलं.

त्या रविवारी बाबांचा व्हिडिओ कॉल आला. वय 77, बजाज चेतकचा अनुभव बावीस वर्षं. मी सहज फोन बॉनेटखाली धरला. सांगलीत चष्मा कपाळावरून नाकावर आला.

"सीबी पॉइंट साफ केलास का?"

"बाबा, हे व्ही-एट इंजिन आहे. 289 घनइंच. तुमच्या तीसेक चेतक मावतील त्यात."

"मावू देत. पॉइंट साफ केलास का?"

डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या भागाची, टोपी काढली. आत सीबी पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे दोन ठिपके. अगदी चेतकचेच, थोडे गुबगुबीत. त्यावर काजळी धरलेली. बाबांनी बारीक पॉलिश पेपर मारायला लावला, फुंकर घालायला लावली, इतकंच काय, फुंकर ओली पडली म्हणून पुन्हा पुसायला लावलं. मग प्रश्न आला गॅपचा. पुस्तकात लिहिलं होतं 17 थाऊ, म्हणजे इंचाचे सतरा हजारांश, आणि फट मोजायचा माझा फीलर गेज नेमका सापडेना.

"व्हिजिटिंग कार्ड घाल मध्ये. घसटून निघालं पाहिजे."

कंपनीने मला पाचशे कार्डं छापून दिलीत. त्यातलं उपयोगी पडलेलं हे पहिलं.

इथे थांबलो असतो तर त्याच संध्याकाळी गाडी चालू झाली असती. पण मला उत्साह आला. आठही प्लग एकदम स्वच्छ करावेत म्हणून मी आठही वायरी एकदम काढल्या. हे करू नये, असं जगातल्या प्रत्येक मेकॅनिकला ठाऊक असतं. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरना ठिणगी मिळायचा क्रम, 1-5-4-2-6-3-7-8. मी ती सतराच्या पाढ्यासारखी घोकली, सिलिंडर मोजले आणि डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर एकापासून सुरुवात करून उजवीकडे वायरी लावत गेलो. (हा क्रम इंजिनावर ओतलेलाच होता. काळ्या चिकट थराखाली. तो मला नंतर दिसला.)

किल्ली फिरवली. कार्बोरेटरमधून ठो! असा बार झाला की शेजारचा कुत्रा दोन दिवस आमच्या अंगणाकडे फिरकला नाही. बायको दारात आली, माझ्या भुवया जागच्या जागी आहेत हे पाहून आत गेली.

बाबा ऐकून गप्प राहिले. मग म्हणाले, "टोपीखालचा रोटर कुठल्या बाजूला फिरतो ते बघितलंस?"

बघायचं काय त्यात! आपण देवळात जातो, तुळशीला पाणी घालतो, सत्यनारायणाच्या चौरंगाभोवती फिरतो, सगळं डावीकडून उजवीकडे. टोपी काढून मुलीला किल्ली फिरवायला सांगितली. रोटर शांतपणे डावीकडे चालला होता. आमची एडिसनकर साठ वर्षं उलटी प्रदक्षिणा घालत होती.

वायरी पुन्हा लावल्या, या खेपेला रोटरच्या दिशेने, डावीकडे. तिसऱ्या झटक्याला ती सुरू झाली. मी फोन सायलेन्सरजवळ नेला. त्या घुमणाऱ्या आवाजात बाबा काहीतरी विचारत होते.

"मायलेज म्हणतो मी! किती?"

"लिटरला सहा."

"साठ?"

"सहा."

फोन आईकडे गेला.

नंबरप्लेट क्यूक्यूवाली मिळाली, म्हणजे ऐतिहासिक वाहन. नियमाप्रमाणे प्रदर्शन आणि शैक्षणिक कारण एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची. तेव्हा ओक ट्री रोडवर आम्ही कोथिंबीर आणायला गेलो ते प्रदर्शन होतं, एवढं कृपया लक्षात घ्यावं. वाटेत पंपावर थांबलो. न्यू जर्सीत 1949 पासून स्वतः पेट्रोल भरायला कायद्याने बंदी. पंपावरचा मुलगा नळी घेऊन डावीकडे गेला, झाकण नाही. उजवीकडे गेला, झाकण नाही. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गाडी पुसायला आणलीय. शेवटी मी उतरून मागच्या बाजूला, बरोबर मध्यावर, घोड्याचं चित्र असलेली चकती फिरवून दाखवली. परत गाडीत बसलो तेव्हा उगाचच अभिमान वाटत होता.

परतताना पाऊस आला. काचेखालच्या जाळीतून हवा आत यावी म्हणून केलेली जी पोकळी असते, तिच्या पत्र्याला गंज लागतो. त्या काळच्या मस्टँगचं हे नावाजलेलं दुखणं. वरून पडलेलं पाणी बाजूने निघून जायच्याऐवजी थेट बायकोच्या पायावर यायला लागलं. तिने आधी चपला वर घेतल्या, मग पिशवी. मग पिशवीतला इडलीचा डबा रिकामा करून खाली धरला आणि दुसऱ्या हाताने सांगलीला फोन लावला.

"बाबा, गाडीत पाणी येतंय. पायाशी. काय करायचं?"

पलीकडे बराच वेळ विचार चालला होता.

"चेतकला हा प्रॉब्लेम कधी आला नाही," बाबा म्हणाले.